मच्छे की सांबरा? बेळगावजवळच्या गावात घर घेताना आधी काय बघायचं, नंतर काय

शहापूर, टिळकवाडी, वडगाव इथले भाव आता नोकरदार माणसाच्या हातात राहिलेले नाहीत, त्यामुळं बेळगावात भाड्यानं राहणारी बरीच मंडळी आजूबाजूच्या गावात साईट (मोकळा प्लॉट) नाहीतर तयार घर बघायला लागलीत. आम्ही पण तेच केलं. शेवटी दोनच गावं उरली, एक खानापूर रोडवरचं मच्छे आणि दुसरं बागलकोट रोडवरचं सांबरा. दोन्हीकडं मराठी माणूस भरपूर, दोन्ही शहरापासून साधारण दहा किलोमीटरच्या आतबाहेर, आणि दोन्हीकडं ओळखीचा एजंट "ताई, यापेक्षा चांगलं मिळणार नाही ओ" म्हणून सांगणारा. या सगळ्यातून जाताना जे कळलं ते इथं क्रमानं लिहितेय. तुमची दोन गावं वेगळी असतील, उचगाव आणि हलगा असतील, येळ्ळूर आणि काकती असतील, तरी क्रम हाच ठेवा, कारण बहुतेक जण भावापासून सुरुवात करतात आणि माझं ठाम मत आहे की भाव सगळ्यात शेवटी बघायचा.

१. घरातल्या प्रत्येकाचा रोजचा रस्ता कागदावर लिहा

फक्त कमावत्या पुरुषाच्या ड्युटीवरून गाव ठरवू नका. आमच्याकडं सगळे म्हणत होते मच्छे घ्या, कारण माझे मिस्टर उद्यमबागला कंपनीत आहेत आणि मच्छेहून उद्यमबाग म्हणजे गाडीवर बसलं की आलंच. पण मी नेहरूनगरच्या बाजूला हॉस्पिटलमध्ये जाते, सासूबाईंना महिन्यातून एकदा तपासणीला न्यावं लागतं, मुलगी अजून शाळेत आहे. म्हणून एक वही घ्या, प्रत्येकाच्या नावापुढं लिहा: कुठं जायचं, किती वाजता निघायचं, किती वाजता परत, स्वतःची गाडी की बस, आणि बस बदलावी लागते का.

बसचं गणित बायकांसाठी वेगळं आहे हे लक्षात ठेवा. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकचा पत्ता असलेल्या बायकांना साध्या सरकारी बसमध्ये तिकिटाला पैसे पडत नाहीत, त्यामुळं ज्या घरात बाई नोकरीला जातेय तिथं सीबीटीला (मध्यवर्ती बसस्टँडला) थेट आणि वेळेवर बस असणं म्हणजे महिन्याच्या खर्चातली सरळ बचत आहे. पण फुकट बस दिवसातून मोजक्याच वेळा येत असेल तर तिचा काही उपयोग नाही, म्हणून गावातल्या स्टॉपवर उभं राहून रोज जाणाऱ्या बायकांनाच विचारा. सकाळी आठ ते साडेनऊच्या मधी किती गाड्या येतात, त्या भरून येतात का, संध्याकाळी शेवटची कितीला. कंडक्टरपेक्षा त्यांचं उत्तर खरं असतंय.

२. अंतर मोजू नका, वेळ मोजा

किलोमीटर दोन्ही गावांचे जवळपास सारखेच आहेत, पण रस्ता सारखा नाही. मच्छेहून शहरात येताना पिरनवाडी लागते, तिथं जांबोटी-चोर्ला घाटाचा रस्ता मिळतो, म्हणजे गोव्याची वाहतूक तिथं येते, शनिवारी-रविवारी तर विचारू नका. पुढं उद्यमबाग, मग तिसरं रेल्वे गेट, तिथून गोगटे सर्कल. उद्यमबागची शिफ्ट सुटायच्या वेळी हा रस्ता वेगळा असतोय आणि दुपारी बाराला वेगळा. एजंट तुम्हाला कायम दुपारी बारालाच घेऊन जाणार.

सांबऱ्याहून येताना मुतगे, निलजी, बसवन कुडची करत गांधीनगरला हायवेखालून शहरात शिरायचं आणि किल्ल्याच्या बाजूनं सीबीटी. म्हणजे बाजारपेठेत न शिरता बसस्टँडला पोचता येतंय. ज्यांचं काम शहराच्या उत्तरेला नाहीतर पूर्व बाजूला आहे, हॉस्पिटल, डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिस, कोर्ट, सुवर्ण विधानसौध, त्यांना हे मोठं सोयीचं. ज्यांचं काम उद्यमबाग, व्हीटीयू (तंत्रज्ञान विद्यापीठ), मच्छे इंडस्ट्रियल एरिया किंवा खानापूरकडं आहे त्यांना मच्छेच.

तुमच्या घरातल्या दोघांची दिशा उलटी असेल, आमच्यासारखी, तर कोण कुठल्या वेळी रस्त्यावर असणार ते बघा. मिस्टरांची पहिली शिफ्ट सकाळी सातला, त्या वेळी शहर ओलांडायला काहीच वाटत नाही, आणि दुपारी सुटतात तेव्हा पण शाळा-ऑफिसची गर्दी सुरू व्हायच्या आधी बाहेर पडतात. मी मात्र ऐन गर्दीत निघते नि ऐन गर्दीत परत येते. त्यामुळं गर्दीच्या वेळी जो बाहेर असतो त्याच्या सोयीचं गाव धरायचं असं आम्ही ठरवलं, आणि तिथून सांबऱ्याचं पारडं पहिल्यांदा जड झालं. जनरल शिफ्ट असती तर उत्तर उलटं आलं असतं.

स्वतः करून बघा. सोमवारी सकाळी गावातून निघून ऑफिसपर्यंत या, संध्याकाळी परत जा, दोन्ही गावांचं. एकदा गाडीनं, एकदा बसनं. रेल्वेच्या भरवशावर मात्र राहू नका, पॅसेंजरच्या वेळा ड्युटीच्या वेळेशी जुळल्या तरच तिचा फायदा.

३. जुलै-ऑगस्टमध्ये बघितल्याशिवाय टोकन (इसार) देऊ नका

बेळगावचा पाऊस काय असतो हे नवीन आलेल्या माणसाला मे महिन्यात कळत नाही. मे महिन्यात सगळेच प्लॉट सुंदर, सगळेच रस्ते कोरडे.

गावात गेल्यावर एक प्रश्न नक्की विचारा, "२०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी कुठपर्यंत आलं होतं?" त्या वर्षीचा महापूर सगळ्यांच्या लक्षात आहे आणि गावातला म्हातारा माणूस तुम्हाला बोट दाखवून सांगेल की त्या भिंतीपर्यंत, त्या आंब्यापर्यंत. विकणाऱ्याला विचारू नका, शेजारच्या शेतात काम करणाऱ्या मामांना विचारा. बळ्ळारी नाला शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारातून पूर्वेकडं जातो आणि त्याच्या काठची भातशेती पावसाळ्यात पाण्याखाली जाते हे दरवर्षीचंच आहे, म्हणून सांबरा-मुतगे-हलगा या बाजूला बघत असाल तर प्लॉट नाल्यापासून किती लांब आणि किती उंचावर हे डोळ्यानं बघा. ज्या शेतात कालपरवापर्यंत भात लावत होते तिथं पाणी साठतंय म्हणूनच भात लावत होते, एवढं साधं आहे ते.

माती पण बघा. बेळगावच्या पश्चिमेला आणि खानापूरकडं लाल माती नि जांभा, पूर्वेकडं जाल तशी काळी वाढते. काळ्या मातीत पाया खोल घ्यावा लागतो, नाहीतर उन्हाळ्यात माती आकसते, पावसाळ्यात फुगते आणि दोन-तीन वर्षात भिंतीला तडे. गावाच्या नावावरून अंदाज करू नका, एकाच गावात दोन प्रकारची माती असते, आपल्या प्लॉटवर चार-पाच फूट खड्डा मारून गवंडी नाहीतर इंजिनियरला दाखवा आणि पायाचा खर्च वेगळा विचारा. तयार घर असेल तर पावसाळ्यात आतल्या भिंतीला हात लावून बघा, ओल कुठं आहे ते, आणि नुकताच रंग मारलेला असेल तर जास्तच बघा.

४. कागद: इथं घाई करायची नाही

हा भाग मोठा आहे आणि मोठाच असायला पाहिजे, कारण बाकी सगळं नंतर दुरुस्त करता येतं, कागद बिघडला तर आयुष्यभराची कमाई अडकते.

पहिली गोष्ट, गाव ग्रामपंचायतीत आहे की नगरपंचायतीत. सांबरा ग्रामपंचायतीत आहे. मच्छे आणि पिरनवाडी नगरपंचायत झाल्यात. यावरून उतारा कुठून मिळणार ते ठरतंय.

ग्रामपंचायतीत ई-स्वत्तुचा (पंचायतीच्या मिळकतींची ऑनलाईन नोंद) उतारा मिळतो. फॉर्म ९ आणि फॉर्म ११-ए असेल तर जागा एनए (बिगरशेती) आहे, लेआउट मंजूर आहे किंवा गावठाणातली नियमित मिळकत आहे असा साधारण अर्थ. फॉर्म ११-बी असेल तर थांबा. ११-बी म्हणजे पंचायतीनं नोंद ठेवलीय, कर भरून घेते, पण मंजुरीत काहीतरी कमी आहे. बहुतेक बँका ११-बी वर लोन देत नाहीत. एजंट सांगतो "ताई, ११-बी पण ई-स्वत्तुच आहे की", ते खरं आहे, पण अर्धंच.

नगरपंचायतीत ई-खाता (मिळकतीचा ऑनलाईन उतारा) असतो, तिथं ए खाता आणि बी खाता. बी खाता म्हणजे पुन्हा तेच, कर घेतात पण लेआउट मंजूर नाही. आणि मच्छेसारख्या ठिकाणी आणखी एक गोष्ट बघायची: गाव ग्रामपंचायतीत असतानाचा जुना फॉर्म ९-११ दाखवून विकायला बघतात, पण आता नगरपंचायतीचा नवीन ई-खाता निघालेला असतोच असं नाही. जुन्या उताऱ्यावर व्यवहार करू नका, "आधी तुमच्या नावावर नवीन ई-खाता काढा, मग टोकन" असं स्पष्ट सांगा. खरा विकणारा महिनाभर थांबतो. आम्हाला मच्छेत एक घर फार आवडलं होतं, मोकळं, हवेशीर, पण त्याचा नवीन खाता निघेपर्यंत थांबायची मालकाची तयारी नव्हती, मग आम्हीच हात काढून घेतला.

बाँडवरचे प्लॉट: याबद्दल मी हात जोडून सांगते, घेऊ नका. शेतकऱ्याकडून गुंठा-दोन गुंठे (एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट) बाँड पेपरवर लिहून घ्यायचे, नोटरी करायची आणि घर बांधायचं, हे बेळगावच्या चारी बाजूंना चाललंय. शंभर रुपयांच्या वरची स्थावर मालमत्ता रजिस्टर खरेदीपत्राशिवाय तुमच्या नावावर होत नाही. तुम्ही घर बांधून दहा वर्षं राहिलात तरी उताऱ्यावर मूळ शेतकऱ्याचंच नाव, आणि उद्या त्याच्या पोरांनी दावा टाकला की तुम्ही कोर्टात. स्वस्त मिळतंय म्हणून घेतलेल्या कितीतरी माणसांची अवस्था बघवत नाही.

आता कागदांची यादी. फोटो नको, झेरॉक्स मागा, आणि सर्टिफाईड कॉपी तुम्ही स्वतः काढा:

– ई-स्वत्तुचा फॉर्म ९ आणि ११-ए, किंवा नगरपंचायतीचा ई-खाता, चालू तारखेचा
– मूळ जमिनीचा आरटीसी म्हणजे पहाणी, निदान तीस वर्षांचा
– त्या सर्व्हे नंबरच्या सगळ्या फेरफार नोंदी
– एनएचा आदेश, जिल्हाधिकाऱ्यांचा, कर्नाटक जमीन महसूल कायदा १९६४ च्या कलम ९५ खालचा
– मंजूर लेआउट प्लॅन. सर्व्हे नंबर बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) हद्दीत येतो का ते बुडाच्या ऑफिसात जाऊन विचारा, येत असेल तर मंजुरी बुडाचीच पाहिजे
– ईसी (मिळकतीवरचा बोजा आणि व्यवहार दाखवणारं सर्टिफिकेट), कमीत कमी तीस वर्षांचं. नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवर मिळतंय, जुन्या वर्षांचं सब-रजिस्ट्रार ऑफिसातून काढावं लागतं. व्यवहार असतील तर फॉर्म १५, काहीच नसेल तर फॉर्म १६
– आधीची सगळी खरेदीपत्रं, साखळी तुटायला नको
– तयार घर असेल तर बांधकाम परवानगी, कर भरल्याच्या पावत्या, हेस्कॉमचं म्हणजे लाईटचं बिल (आरआर नंबर, म्हणजे वीज कनेक्शनचा नंबर, कुणाच्या नावावर आहे ते बघा)
– नवीन बिल्डरचा प्रोजेक्ट ५०० चौरस मीटरच्या वर किंवा आठच्या वर घरांचा असेल तर रेरा नंबर (गृहप्रकल्पाची सरकारी नोंदणी)

आणि आपल्या लोकांसाठी खास: हे सगळे कागद कानडीत असणार. वाचता येत नसेल तर कानडी वाचणारा आपला माणूस बरोबर घ्या, विकणाऱ्याचा नको. प्रत्येक नाव, सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, चतुःसीमा मोठ्यानं वाचून घ्या. आपली मराठी आडनावं कानडीत लिहिताना बदलतात, आधारवर एक, पॅनवर दुसरं, उताऱ्यावर तिसरं, आणि बँकेत हे सगळं जुळावं लागतंय. विकणाऱ्याच्या नावात फरक असेल तर "ते चालतंय" म्हणून सोडू नका, दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं ॲफिडेव्हिट घ्या, आणि शक्य असेल तर उताराच दुरुस्त करून मागा.

५. जमीन मुळात कुणाची होती

उतारा आजचं सांगतो, आपल्याला कालचं पण पाहिजे. वकिलाला पैसे द्यायचे ते यासाठीच. तीन-चार गोष्टी मुद्दाम विचारा.

जमीन सरकारनं एससी-एसटी कुटुंबाला दिलेली होती का? असेल तर १९७८ च्या पीटीसीएल कायद्यानुसार सरकारच्या परवानगीशिवाय झालेली विक्री रद्द होते, मधी कितीही हात बदललेले असोत. कुळ कायद्यात मिळालेली आहे का, आणि मिळताना विकायचं नाही अशी अट होती का? देवस्थानची, इनामाची, गायरानाची तर नाही ना? आणि सगळ्यात जास्त भांडणं जिथून उठतात ते: वडिलोपार्जित आहे तर बहिणींच्या सह्या आहेत का? २००५ च्या दुरुस्तीनंतर मुलींचा हक्क मुलांएवढाच आहे. "बहिणीनं सोडून दिलंय हो" हे तोंडी चालत नाही, रजिस्टर हक्कसोडपत्र पाहिजे, नाहीतर खरेदीपत्रावर सगळ्या बहिणींच्या सह्या पाहिजेत. बहीण लग्न होऊन कोल्हापूरला असो की गडहिंग्लजला, तिला यायला सांगा.

६. येणारे रस्ते आणि येणारी रेल्वे

बेळगावच्या भोवती सध्या भूसंपादनाचे बरेच विषय आहेत. हलगा-मच्छे बायपासवरून शेतकऱ्यांचं आंदोलन आणि कोर्टातली लढाई सगळ्यांना माहीत आहे, रिंगरोडचा विषय वेगळा, बेळगाव-कित्तूर-धारवाड नवीन रेल्वेमार्गाचा आणखी वेगळा. या सगळ्यात पिकाऊ जमिनी जातात म्हणून आपले शेतकरी बंधू पोटतिडकीनं भांडतायत, आणि घर घेणाऱ्यानं ते भांडण नीट समजून घ्यायला पाहिजे, कारण तोच सर्व्हे नंबर तुम्हाला पण कुणीतरी विकायला बसलेला असू शकतो.

दोन गोष्टी करा. एक, मोबाईलवर दिशांक ॲप घ्या, प्लॉटवर उभं राहून सर्व्हे नंबर बघा, तो कागदावरच्या नंबराशी जुळतोय का. दुसरं, तो नंबर घेऊन तहसीलदार ऑफिस आणि बुडात विचारा की कुठल्या संपादनाच्या अधिसूचनेत आहे का. हायवेसाठी असेल तर ३-ए आणि ३-डी अशा नावानं अधिसूचना निघतात, वकिलाला हेच शब्द वापरून विचारा.

आणि एजंट म्हणेल, बायपास झाला की सांबऱ्याहून मच्छे दहा मिनिटं, रिंगरोड झाला की भाव दुप्पट. आजच्या रस्त्यानं जे गाव परवडतंय तेच घ्या.

सांबऱ्यासाठी वेगळं एक: विमानतळ आणि एअरफोर्स स्टेशन. विमानतळाच्या आसपास बांधकामाच्या उंचीवर मर्यादा असते आणि एअरफोर्सच्या भिंतीजवळ बांधकामालाच बंधनं असतात. वर मजले चढवायचा विचार असेल तर प्लॉट कुठल्या पट्ट्यात येतो, एनओसी लागते का, हे घेण्याआधी लेखी काढा. विमानाच्या आवाजाचं म्हणाल तर सांबऱ्यात घर घेतल्यावर आम्हाला काही आठवड्यातच सवय झाली, सासूबाईंना थोडे दिवस जास्त लागले. तान्हं बाळ किंवा आजारी माणूस घरात असेल तर तिथं दिवसभर थांबून बघा.

मच्छेसाठी त्याच तोलाचं एक: कारखाने. फाउंड्री जवळ असेल तर वारा कुठल्या बाजूनं येतोय ते बघा, गच्चीवर हात फिरवून काळी धूळ येते का बघा, रात्री ट्रकची ये-जा किती आहे ते ऐका. दुसऱ्या बाजूनं व्हीटीयू आणि कंपन्यांमुळं मच्छेत भाड्याला खोल्या सहज जातात, वरचा मजला भाड्यानं देऊन हप्ता भरायचा विचार असेल तर मच्छेचं पारडं जड आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे.

७. पाणी, लाईट, सांडपाणी

एप्रिल-मेमध्ये नळाला किती दिवसाआड पाणी येतंय ते शेजारच्या वहिनींना विचारा. बोअर असेल तर किती फूट आणि उन्हाळ्यात चालते का. संप (जमिनीखालची पाण्याची टाकी) किती लिटरचा ते बघा. लेआउटमध्ये हेस्कॉमचे खांब आणि ट्रान्सफॉर्मर प्रत्यक्षात उभे आहेत की नुसते प्लॅनवर आहेत. ड्रेनेज लाईन नसेल तर सेप्टिक टँक येणार, आणि तो तुमच्या आणि शेजाऱ्याच्या बोअरपासून निदान पन्नास फूट लांब पाहिजे, छोट्या ३०x४० च्या साईटवर हे बसवणं अवघड जातंय, म्हणून शेजाऱ्याचा टँक कुठं आहे ते आधी बघा.

साईटला जाणारा रस्ता कुणाच्या नावावर आहे हे पण इथंच विचारा, कारण ते विसरतं. लेआउट प्लॅनमधला रस्ता पंचायतीला सुपूर्द झालेला पाहिजे. कुणाच्या शेतातून सोडलेली वाट असेल तर उद्या तो बांध घालतो.

८. शाळा आणि गाव

मुलं लहान असतील तर गावातली मराठी शाळा कितवीपर्यंत आहे, वर्गात पोरं किती, शिक्षक किती, हे जाऊन बघा. हायस्कूलसाठी शहरात यावं लागलं तर सकाळची बस पुन्हा मोजणीत घ्या. कानडी आपल्या मुलांना शिकावीच लागते आणि शिकलेली चांगलीच, उतारे वाचायला दुसऱ्याच्या तोंडाकडं बघावं लागत नाही.

दवाखाना रात्री कुठला उघडा असतो, मेडिकल कुठपर्यंत, हे म्हाताऱ्या माणसांच्या घरात फार महत्त्वाचं.

गावठाणात घर घेताय की बाहेरच्या नवीन कॉलनीत, यात फरक आहे. गावठाणात माणसं लगेच ओळखीची होतात, यात्रेची पट्टी असते, गल्लीतल्या कार्याला जावं लागतंय, आणि अडचणीला ती माणसं धावून येतात. कॉलनीत मोकळीक जास्त, पण कचरा, दिवे, रस्ता यासाठी तुम्हालाच पंचायतीत जाऊन बसावं लागतंय. आम्ही कॉलनीत आहोत आणि मला कधीकधी गल्लीची आठवण येते.

९. आता भाव, आणि भावाच्या वरचा खर्च

दोन्ही गावं वरच्या सगळ्या पायऱ्यांत टिकली तरच भावावर या. कर्नाटकात सरकारी दराला गाईडन्स व्हॅल्यू म्हणतात, कावेरी पोर्टलवर बघता येते. खरेदीची किंमत आणि गाईडन्स व्हॅल्यू यातली जी जास्त, तिच्यावर स्टॅम्प ड्युटी बसते.

३० लाखाच्या घराचं उदाहरण घ्या. स्टॅम्प ड्युटी ५ टक्के म्हणजे १,५०,०००. त्या ड्युटीवर १० टक्के सेस, १५,०००. ड्युटीवर सरचार्ज ग्रामीण भागात ३ टक्के म्हणजे ४,५००, शहरी भागात २ टक्के म्हणजे ३,०००. नोंदणी फी ३१ ऑगस्ट २०२५ पासून १ वरून २ टक्के झालीय, म्हणजे ६०,०००. सांबऱ्यात एकूण २,२९,५००, मच्छेत नगरपंचायत असल्यानं २,२८,०००. फ्लॅटच्या पहिल्या विक्रीला ४५ लाखापर्यंत ड्युटी कमी असते, पण साईट आणि स्वतंत्र घराला पूर्ण ५ टक्के धरा. बँक या खर्चाला सहसा लोन देत नाही, हे पैसे हातात पाहिजेत. वकील, बँकेची लीगल आणि व्हॅल्युएशन फी, एजंटचं कमिशन, हेस्कॉमचं डिपॉझिट वेगळं.

शिवाय रोजच्या येण्याजाण्याचा खर्च हप्त्यात मिळवा. दहा किलोमीटरवरून जाऊन येऊन, महिन्याचे २६ दिवस, एका गाडीचे ५२० किलोमीटर होतात. दोन गाड्या असतील तर दुप्पट. दोन गावांच्या भावात लाख-दीड लाखाचा फरक दिसतो तो पेट्रोलमध्ये किती वर्षात जातो ते काढून बघा.

"व्यवहार कमी दाखवू, बाकी रोख देऊ" असं कुणी म्हटलं तर नको म्हणा. लोन कमी मिळतं, उद्या विकताना कर जास्त बसतो, आणि वाद झाला तर रोख दिलेल्याचा पुरावा नाही.

१०. टोकन, रजिस्ट्री आणि त्यानंतरचं

टोकन चेकनं किंवा ऑनलाईन, आणि लिहून घ्या की कागद स्वच्छ निघाले नाहीत तर टोकन परत. करार रजिस्टर केलेला चांगला. रजिस्ट्रीसाठी कावेरीवर कागद अपलोड करायचे, सब-रजिस्ट्रार ऑफिसातून तपासून आले की पैसे ऑनलाईन भरायचे, मग तारीख घ्यायची. त्या दिवशी दोन्ही बाजूंचे आधार, पॅन, फोटो, साक्षीदार. किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का टीडीएस तुम्ही कापून भरायचा. रजिस्ट्रीच्या आदल्या दिवशी ईसी पुन्हा एकदा काढा, मधल्या काळात कुणी बोजा चढवला नाही ना ते बघायला.

सही झाली की बहुतेक माणसं निवांत होतात, तसं होऊ नका. खरेदीपत्र हातात आलं की त्याच आठवड्यात पंचायतीत पीडीओंकडं (पंचायत विकास अधिकारी) किंवा नगरपंचायतीत खाता बदलायचा अर्ज द्या आणि पोच घ्या. नवीन उतारा आपल्या नावावर निघाला की नाव, मोजमाप, चतुःसीमा पुन्हा वाचून घ्या, चूक असेल तर लगेच सांगा, जुनी झाली की दुरुस्तीला वर्ष जातंय. मग हेस्कॉमचा आरआर नंबर, नळाचं कनेक्शन, घरपट्टी आपल्या नावावर करा. आधारचा पत्ता बदला, रेशन कार्ड आणि मतदार यादीतलं नाव त्या गावात आणा. प्लॉट मोकळा ठेवणार असाल तर चारी कोपऱ्यांना दगड रोवून मोजणी करून घ्या, आणि निदान पावसाळ्याच्या आधी नि नंतर एकदा जाऊन दगड जागेवर आहेत का ते बघून या.